सगळ्यांच्या शेवटी करुणाक्का

करुणाक्का कुणाच्याही घरी गेल्या तरी पाणी स्वतःच्याच पेल्यातून पीत. पर्समध्ये स्वच्छ फडक्यात गुंडाळलेला स्टीलचा छोटा पेला असे. काचीगुड्याच्या आमच्या घरात त्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला आल्या, तेव्हा पहिल्याच दिवशी माझ्या सासूबाईंना हे लागलं. "आमची भांडी काय विटाळलीत?" असं त्यांनी मला स्वयंपाकघरात विचारलं, आणि बाहेर ऐकू जाईल अशा बेतानं विचारलं. अक्का हसल्या. म्हणाल्या, "आई, मी जन्मभर दवाखान्यात नर्स होते. जंतू कुणाची जात विचारत नाही, मीपण विचारत नाही. मला सगळ्यांचीच भांडी नक्को." सासूबाईंचं समाधान झालं की नाही ठाऊक नाही, पण त्या दिवसापासून आमच्याकडे पिण्याचं पाणी उकळायला लागलं.

"उकळलं की भागलं," हे अक्कांचं सगळ्या प्रश्नांवरचं उत्तर. माझा स्वभाव पहिल्यापासून काळजीचा. मुलाचा खोकला, नवऱ्याची स्कूटर, गच्चीवरची टाकी, मला काहीही पुरतं. अक्कांना ते कळे आणि त्या मला चिडवत. "मंजिरी, काळजी करायची तर कर, पण आधी हात धू." लग्न त्यांनी केलं नव्हतं. आमच्याच मुलांना गोवराच्या वेळी त्यांनी रात्रंदिवस सांभाळलं, आणि खोलीच्या दाराशी मला असं काही अडवलं की मी आई आहे की पाहुणी, मला कळेना.

अशी ही बाई महिन्याच्या पहिल्या रविवारी पहाटेची बस धरून आपल्या गावच्या चर्चला जात असे आणि तिथे अख्ख्या मंडळीचं उष्टं पीत असे. हे मला कळलं तेव्हा मी हातातली ताटली खाली ठेवली.

त्यांचं गाव झहीराबादच्या पुढे, जिथे माणसं एका वाक्यात तेलुगू, कन्नड आणि मराठी बोलतात. गावकुसाबाहेर दोन वस्त्या. गावाच्या लेखी दोन्ही सारख्याच खालच्या, पण त्यांच्या आपसात एक वरची आणि एक खालची. अक्कांच्या आजीच्या तरुणपणी बैलगाडीतून एक प्रचारक येऊ लागला, आणि दोन्ही वस्त्यांतली थोडी घरं ख्रिस्ती झाली. लिंबाखाली उपासना सुरू झाली. मग आलं प्रभुभोजन, म्हणजे भाकरीचा तुकडा आणि एकाच प्याल्यातून प्रत्येकानं घ्यायचा द्राक्षरसाचा घोट. तिथे गाडी अडली. वरच्या वस्तीनं सांगितलं, आम्ही आधी पिणार, आणि खालच्यांनी आपलं भांडं वेगळं आणावं. प्रचारकानं प्याला पिशवीत घातला आणि तो निघून गेला. पुढच्या खेपेलाही तेच. असं कितीतरी वेळा झालं.

शेवटी एकदा उपासनेत अक्कांची आजी आपल्या वरच्या वस्तीच्या बायकांमधून उठली आणि खालच्या वस्तीतल्या अगदी शेवटच्या माणसांच्या मागे जाऊन बसली. त्यांच्या सगळ्यांनंतर तिनं प्याला घेतला आणि तळाशी उरलं होतं ते पिऊन टाकलं. सासरच्यांनी तिला कित्येक दिवस चुलीपाशी येऊ दिलं नाही. पण पुढे एकेक करून सगळे त्या प्याल्याला आले. तेव्हापासून रीतच पडली की त्या घरातल्या वडीलधाऱ्या बाईनं सगळ्यांच्या मागे बसायचं आणि शेवटी प्यायचं. आजूबाजूच्या गावांत वस्तीगणिक चर्च झाली. इथे एकच राहिलं. पाचटाच्या छपराचं कौलारू झालं, कौलारूचं स्लॅबचं झालं, आसपासच्या वाड्यांमधून टेंपो भरून माणसं यायला लागली. आजीनंतर आई आणि आईनंतर करुणाक्का शेवटी पीत राहिल्या.

"पण अक्का, जंतू?" मी विचारलं होतं. "जंतू असतात की," त्या म्हणाल्या, आणि विषय तिथेच संपला.

मग त्यांना रक्ताचा कर्करोग निघाला. उपचार सुरू झाले, आणि डॉक्टरांनी सांगितलं की आता साधी सर्दीसुद्धा महागात पडेल, गर्दी नको, बाहेरचं पाणी नको. माझी काळजी आता खरी झाली होती, आणि खरी काळजी फार वाईट असते. महिन्याचा पहिला रविवार आला की मी पहाटेच्या बसच्या आधी उठून बसे. मी जिन्यात पाळत ठेवू लागले. काही महिने त्या गेल्या नाहीत.

ईस्टरच्या आधी अक्कांना गावच्या पाळकांचा, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंचा, फोन आला. नवीन, तरुण, भला माणूस. त्यांनी आनंदानं सांगितलं की करोनापासून मनात होतंच, आता प्रत्येकाला वेगवेगळे छोटे कप आणले आहेत, अक्कांनाही आता भीती नाही. मला तर त्या पाळकांना घरी जेवायला बोलवावंसं वाटलं. अक्कांनी मात्र फोन ठेवला आणि पर्समधला पेला काढून पुसायला घेतला.

"बरोबरच आहे ना त्यांचं?" मी म्हणाले.

"हौ, बरोबर आहे. म्हणून तर भीती वाटते, मंजिरी. खोट्या कारणाशी भांडता येतं. हे कारण खरं आहे. याच्या मागे दुसरं काय येऊन बसेल, ते कुणाला दिसणार नाही."

ईस्टरला त्या जाणारच, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. एकटीला सोडणं शक्य नव्हतं. मी गाडी ठरवली, मास्क घेतले, उकळलेलं पाणी घेतलं, सॅनिटायझरच्या बाटल्या घेतल्या. वाटेत त्या झोपल्या होत्या आणि मी रस्ताभर त्यांच्या श्वासाकडे बघत होते.

चर्च भरलं होतं. सतरंज्यांवर एकीकडे बायका, एकीकडे पुरुष. अक्का सगळ्यांच्या मागे भिंतीला टेकून बसल्या, मी शेजारी. गर्दी मोठी म्हणून पाळकांनी कपांची दोन तबकं केली होती. एक वरच्या वस्तीतल्या वडीलधाऱ्या माणसाच्या हातात दिलं, दुसरं खालच्या वस्तीतल्याच्या. पाळकांच्या मनात काही नव्हतं, काम लवकर व्हावं एवढंच. ते दोघे आपापल्या ओळखीच्या माणसांकडे वळले. आमच्या पुढे एक बाई बसली होती, तिच्यासमोर खालच्या वस्तीचं तबक आधी आलं. तिनं हात जोडले आणि हळूच म्हणाली, "मागून येतंय आमचं." तबक पुढे गेलं.

एवढंच झालं. मला ते तेव्हा कळलंसुद्धा नाही. अक्कांचा हात मात्र माझ्या मनगटावर आवळला गेला.

सगळ्यांचं घेऊन झालं, तेव्हा त्या उठल्या. भिंत धरत, मग माणसांच्या खांद्यांचा आधार घेत पुढे गेल्या. खालच्या वस्तीच्या तबकातला एक रिकामा, कुणीतरी पिऊन ठेवलेला कप त्यांनी उचलला, मास्क खाली ओढला आणि पाळकांपुढे धरला. "यात घाला." पाळकांनी रस ओतला. अक्का प्यायल्या. मी मागे बसून होते. सॅनिटायझरची बाटली माझ्या हातात तशीच होती.

परतताना मी त्यांच्यावर खूप चिडले. रडलेही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "नर्स म्हणून विचारशील तर चूक केली," त्या म्हणाल्या. "माझ्या हाताखालच्या पोरीनं असं केलं असतं तर मी तिला वॉर्डातून काढलं असतं."

"मग का केलंत?"

"आजीनं केलं तेव्हा तिला जंतू ठाऊक नव्हते. मला ठाऊक आहेत. मग आता तर मागे सरता येत नव्हतं. मीच सरले असते, तर सगळ्यांना जंतूंचं कारण मिळालं असतं."

त्यानंतर काही दिवसांनी त्यांना ताप भरला. डॉक्टर म्हणाले, या आजारात असा ताप येतोच, कारण सांगता येत नाही. त्या कपामुळे का, हा प्रश्न मी निरनिराळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा विचारला आणि त्यांनी प्रत्येक वेळी तेच उत्तर दिलं. अक्का दवाखान्यातून परत आल्या नाहीत. कारण काय, मला आजही माहीत नाही. कधी भांडी घासताना हात थांबतो, आणि मला त्यांचा राग येतो, आणि त्यांची फार आठवण येते.

त्यांना गावी पुरलं. त्यांच्या आठवणीची उपासना पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी होती, मला आग्रहानं बोलावलं होतं. अक्कांच्या घरात आता वडीलधारी बाई कुणी उरली नव्हती. शेवटी कोण पिणार, हा प्रश्न माझ्या मनाला सकाळपासून कुरतडत होता, जणू ते चर्च माझ्याच माहेरचं होतं. मला मानानं पुढे बसवलं. पाळकांनी या वेळी एकच तबक केलं होतं. प्रार्थना झाली, ते तबक घेऊन पायरी उतरले आणि तिथेच थांबले. पुढे माझ्याशिवाय कुणी नव्हतं, आणि मी तर त्यांच्यातली नव्हे.

मागे सतरंज्या सरकल्याचा आवाज येत होता. पाळक वाकून हलक्या आवाजात म्हणाले, "मावशी, आता काय करायचं? पहिलं कुणी घेईना."

मी वळून पाहिलं. बायका मागे सरकत होत्या, पुरुष मागे सरकत होते. ईस्टरला तबक पुढे जाऊ देणारी ती बाई पार दारात जाऊन बसली होती, आणि तिच्याही मागे जाता यावं म्हणून काही जण बाहेर पायऱ्यांवर उतरले होते. दोन्ही वस्त्या मागच्या भिंतीशी एकमेकींना खेटून दाटीवाटीनं बसल्या होत्या आणि पुढे यायला कुणीच तयार नव्हतं.