ओनीच्या बंदुकीतली पिन

उत्तर अमेरिकेतल्या पालो क्रीक या फिनिश वस्तीच्या खाणगावात कुणाचं काही अडकलं की लोक म्हणायचे, आर्मासकडे घेऊन जा. गंजून बसलेला नट असो, करवतयंत्राचं जाम झालेलं बेअरिंग असो, नाहीतर चर्चच्या तळघरातला हट्टी नळ असो. आर्मास केस्कितालो लोखंडाच्या खाणीच्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं फिटर होता. खाण बंद पडली, तरी त्याच्या गॅरेजमधला दिवा बंद पडला नाही. बाकावर हत्यारं ओळीने मांडलेली असायची आणि अंधारातसुद्धा पिना ठोकून काढायचा नेमका पंच त्याच्या हाताला लागायचा.

दाबून बसवलेले भाग सोडवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. वर्कशॉपमध्ये नवीन आलेल्यांना तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचा. घट्ट बसलेल्या वस्तूशी भांडायचं नाही. आधी ती कुठल्या बाजूने आत गेली ते शोधायचं, तेल सोडायचं, ऊब द्यायची आणि थांबायचं. हातोडी सगळ्यात शेवटी. हे तो इतक्या शांतपणे सांगायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं, या माणसाला आयुष्यात कधी घाई झालीच नसेल.

एक गोष्ट मात्र त्याने कुणालाच सांगितली नव्हती. गेल्या दीड वर्षापासून त्याचा उजवा हात थरथरत होता. बायको साइमाच्या लक्षात आलं होतं, पण कॉफीचा कप तो डाव्या हाताने का उचलतो, हे तिने कधी विचारलं नाही.

त्या वर्षी मे महिन्यात त्याचा मित्र ओनी लाम्पी गेला. गळ टाकून मासे धरायला म्हणून बोटीत बसला आणि किनाऱ्याला लागायच्या आतच त्याचं हृदय थांबलं. दोघांची चाळीस वर्षांची मैत्री. दर शनिवारी आर्मासच्या सॉनात, म्हणजे गरम वाफेच्या न्हाणीघरात, चौघं जमायची, आधी बायका, मग पुरुष, आणि नंतर सगळ्यांनी मिळून कॉफी आणि वेलचीचा गोड पाव. ओनी गेल्यावरही त्याची बायको सिग्ने येत राहिली.

सप्टेंबरच्या सुरुवातीला ती एक लांबट कापडी पिशवी घेऊन आली. आत ओनीची पंप बंदूक होती. नळीखालची लाकडी मूठ मागे ओढून पुढे ढकलली की नवीन काडतूस चढतं, तसली. हिवाळाभर ती जंगलातल्या खोपटात दमट भिंतीला टेकून राहिली होती आणि आता मूठ निम्म्यावरच अडकत होती. सिग्नेची मुलगी कॅरल मार्क्वेट शहरातल्या दवाखान्यात नर्स होती. तितर-शिकारीचा हंगाम सुरू झाला की ती रजा काढून यायची आणि बापाबरोबर जुन्या रेल्वेच्या वाटेने रानात जायची. यंदा बाप नव्हता, पण तिला त्याच बंदुकीने जायचं होतं.

"हंगामाच्या आधी होईल ना, आर्मू?" सिग्नेने विचारलं.

"सिग्ने, हे दुपारभराचं काम आहे," आर्मास म्हणाला. पुढच्या रविवारी प्रार्थनेनंतरच्या कॉफीलाही चार लोकांसमोर त्याने तेच सांगितलं.

सोमवारी सकाळी त्याने बंदूक बाकावर घेतली. आत काडतूस नाही हे डोळ्यांनी पाहिलं, बोटाने चाचपलं आणि पुन्हा पाहिलं. नळी काढली, लाकूड काढलं. चापाचा संच मात्र बाहेर येईना. तो एका आडव्या पिनने धरला होता. पिन पोलादी आणि बंदुकीचा सांगाडा हलक्या धातूचा. दोन्हींच्या मध्ये वर्षानुवर्षांची ओल शिरून पिन जणू वितळवून जोडल्यासारखी झाली होती. त्याने तेल सोडलं आणि संध्याकाळपर्यंत थांबायचं ठरवलं.

तास-दीड तास तो बाहेर लाकडं रचत होता. मग परत आला आणि उगाच एक हलका ठोका मारून पाहिला. हात थरथरला, पंच निसटला आणि धातूवर बारीक ओरखडा उठला. त्याने शिवी हासडली. दुसऱ्यांदाही पंच निसटला. त्या वेळी गॅरेजमध्ये कुणी नव्हतं, तरी कुणीतरी पाहतंय असं त्याला वाटलं आणि त्याचे कान तापले. त्याने सांगाडा बाकावरच्या व्हाइसमध्ये, म्हणजे लोखंडी शिकंज्यात, आवळला. जबड्यांना लाकडाच्या पट्ट्या लावायचं सुचलंच नाही. पिन कुठल्या बाजूने आत गेली आहे, तेही पाहिलं नाही. मोठी हातोडी घेतली आणि डाव्या हाताने उजवं मनगट धरून ठोका घातला.

पिन हलली नाही. भोकाच्या कडेचा नखाएवढा तुकडा उडून कोपऱ्यातल्या पिंपावर आदळला आणि भोकापासून वरपर्यंत एक तडा गेला.

आर्मासने बंदूक उलटून पाहिली. पिनचं एक टोक किंचित जाड होतं. ती त्याच बाजूने बाहेर निघायची होती आणि तो त्याच टोकावर ठोकत होता. पहिल्या महिन्यातल्या शिकाऊ उमेदवारालाही कळावं असं होतं ते. सांगाड्याच्या दोन्ही अंगांना व्हाइसच्या दातांचे ठसे उमटले होते.

यानंतर त्याने जे केलं, त्याची त्याला पुढे हातोडीच्या ठोक्यापेक्षा कितीतरी जास्त लाज वाटत राहिली. ताज्या तड्यातला धातू चकाकत होता. त्याने काळं ग्रीस आणि काजळी बोटावर घेतली आणि तड्यात चोळली, तुटलेल्या कडेवर चोळली, दातांच्या ठशांवरही चोळली. जुनं दिसेपर्यंत चोळत राहिला. गंमत म्हणजे, या कामात हात जराही थरथरला नाही.

गुरुवारी सिग्ने आली. त्याने बंदूक तिच्यासमोर ठेवली आणि सांगितलं, की सांगाड्याला तडा आहे आणि ही आता झाडणं धोक्याचं आहे. एवढं खरं होतं. मग तो म्हणाला, "ओनीने आधी कधीतरी उघडायचा प्रयत्न केला असावा. जुनं दिसतंय."

सिग्नेने तड्यावरून बोट फिरवलं. बोटाला काळं लागलं. "मला कधी बोलला नाही," एवढंच ती म्हणाली, आणि बंदूक पिशवीत घालून घेऊन गेली.

त्या शनिवारी ती सॉनाला आली नाही. डोकं दुखतंय, असा निरोप आला. त्याच्या पुढच्या शनिवारीही आली नाही.

मधल्या काळात तिने बंदूक क्लेमंट रॉबिडूला दाखवली होती. क्लेमंटचं गावाबाहेर बंदुका दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. तरुणपणी तो खाणीच्या वर्कशॉपमध्ये आर्मासच्याच हाताखाली शिकला होता. एका दुपारी तो गॅरेजच्या दारात येऊन उभा राहिला, टोपी हातात घेऊन.

"सिग्नेबाईंनी ती बंदूक आणली होती," तो म्हणाला. "सांगाडा गेला. नवीन मिळणार नाही."

"हो," आर्मास म्हणाला.

"रॉकेलने पुसून पाहिला मी." क्लेमंटची नजर बाकावरच्या व्हाइसवर गेली. पुढच्या जबड्याचा एक दात तुटका होता, चौदा वर्षांपासून, आणि सांगाड्यावरच्या ठशांतही तेवढीच जागा कोरी होती. "मी त्यांना काही बोललो नाही. बोलणारही नाही. तुम्ही मला कामाला लावलंत, ते मी विसरलो नाही."

क्लेमंट गेल्यावर आर्मास उलट्या बादलीवर बसून राहिला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. त्या माणसाचं गप्प राहणं आता कर्जासारखं मानेवर बसलं होतं.

तरी तो सिग्नेकडे गेला नाही. आज जाऊ, उद्या जाऊ, असे आठ दिवस काढले. साइमा एकदा म्हणाली, "सिग्नेच्या घरावरून जाताना तू दुसरीकडे बघतोस."

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी चर्चच्या तळघरात कॉफी चालू होती. आर्मास पावाचा तुकडा घेऊन कोपऱ्यात बसला होता. पलीकडच्या टेबलावर सिग्ने दोन बायकांशी बोलत होती. आवाज फार मोठा नव्हता, पण त्याला शब्द न् शब्द ऐकू आला. गेल्या हंगामात कॅरलने त्याच बंदुकीचे तीस-चाळीस बार काढले होते, ती सांगत होती. तडा आधीचा होता. म्हणजे ओनीला माहीत होतं. फुटकी बंदूक त्याने स्वतःच्या हाताने मुलीच्या खांद्याला लावली आणि मायलेकींना कळू दिलं नाही.

"सदतीस वर्षं संसार केला मी," ती म्हणाली. "आता वाटतं, या माणसाला मी ओळखतच नव्हते. कॅरलला तर त्याचं नावही काढलेलं चालत नाही."

आर्मासच्या हातातला पाव खाली पडला. तो उठला आणि जिना चढून थेट बाहेर आला. त्या क्षणी तिथेच बोलायला हवं होतं, हे त्याला कळत होतं. पाय मात्र घराच्या दिशेने चालत राहिले.

घरी पोचेपर्यंत त्याचा चेहरा पांढरा पडला होता. साइमाने कोट काढू दिला, खुर्चीवर बसवलं, आणि मग त्याने तिला सगळं सांगितलं. काजळीपर्यंत. ती टेबलावरचं कापड सरळ करत राहिली.

"आत्ता जा," ती म्हणाली. "कोट घाल आणि आत्ता जा."

सिग्ने नुकतीच परतली होती. तिने त्याला बस म्हटलं, तरी तो उभाच राहिला. उभ्याउभ्यानेच त्याने सांगितलं. हात थरथरतो हेही सांगितलं, पण लगेच म्हणाला, की ते कारण नाही. पिनची बाजू पाहिली नाही, राग आला, ठोकली. मग काळं फासलं. मग ओनीचं नाव घेतलं.

"ओनीने ती बंदूक कधी उघडली नाही. तडा मी पाडला. त्याच्या हातात ती धडधाकट होती."

सिग्ने खिडकीकडे तोंड करून उभी होती. बोलली तेव्हा तिचा आवाज अगदी साधा होता.

"बंदूक लोखंडच आहे, आर्मास. फुटली तर फुटली. पण तीन आठवडे मी मेलेल्या माणसाशी भांडतेय. त्याच्या थडग्यावर जायचं सोडलं मी."

"मला काहीही बोल."

"मला बोलायचं नाही. तू बोलायचं. तिथे तळघरात, सगळ्यांसमोर. मी जे बोलले ते लोकांनी ऐकलंय. आता ते तू त्याच्या अंगावरून काढ."

तो आठवडा आर्मासला फार लांब गेला. कॅरल आली होती, म्हणून तो स्वतःची बंदूक साफ करून तिच्याकडे घेऊन गेला. तिने दारातूनच सांगितलं, नको. क्लेमंटने आपली एक वापरायला दिली होती. बंदूक तशीच काखोटीला मारून तो परत आला.

रविवारी कॉफी ओतून झाल्यावर तो उठला. भाषण करायची त्याला सवय नव्हती. फिनिश बोलावं की इंग्रजी, हेही त्याने ठरवलं नव्हतं, त्यामुळे दोन्हींची मिसळ झाली. त्याने उजवा हात टेबलावर उघडा ठेवला. हात थरथरत होता, बशीतला चमचा बारीक वाजत होता, आणि लोक त्या चमच्याकडे पाहत होते. त्याने सगळं क्रमाने सांगितलं. शेवटी म्हणाला, ओनी लाम्पी सावध माणूस होता, त्याने आपल्या मुलीला कधीच फुटकी वस्तू दिली नसती, आणि हे मला सगळ्यात जास्त माहीत असताना मी उलटं सांगितलं.

कुठे पाहावं ते कुणाला कळेना. कुणीतरी दुधाचं भांडं उगाचच पुढे सरकवलं. मागच्या रांगेत क्लेमंट मान खाली घालून बसला होता. सिग्ने उठली, आपला कप धुऊन फडताळात ठेवला आणि कॅरलला घेऊन निघून गेली. थडगी चर्चच्या मागेच होती. तळघराच्या उंच, अरुंद खिडकीतून दोघींचे फक्त बूट तिकडे जाताना दिसले.

त्यानंतर गॅरेजमध्ये येणारी कामं कमी झाली. जो कुणी येई, त्याला आर्मास आधी हात दाखवी आणि मग विचारी, अजून द्यायचंय का. काही जण देत. बरेच जण क्लेमंटकडे जात, आणि आर्मासला ते योग्यच वाटे.

सिग्ने हिवाळाभर सॉनाला आली नाही. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी, बर्फ गुडघाभर असताना, टॉवेल काखेत घेऊन ती दारात उभी राहिली. साइमाने तिला आत घेतलं. नंतर कॉफीच्या वेळी ती आर्मासच्या समोर बसली आणि गावातल्या रस्त्यांबद्दल, बर्फ काढणाऱ्या गाडीबद्दल बोलली. पूर्वी ती त्याला "आर्मू" म्हणायची. त्या दिवशीही "आर्मास"च म्हणाली, आणि पुढेही तेच म्हणत राहिली.