बरोबर पर्यायाचा वास

वाचकांच्या गूढ अनुभवांचं हे सदर मी दर वेळी वाचते, पण खरं सांगायचं तर हसण्यासाठी. पांढऱ्या साडीतली बाई, आपोआप उघडणारं दार... मी असल्या गोष्टींना कधीच भीक घातली नाही. वर्षानुवर्षं यूपीएससीचा अभ्यास केलेला माणूस प्रत्येक गोष्टीला पुरावा मागतो. म्हणूनच हे लिहायला इतका वेळ लागला.

आम्ही दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतो. बाबा मंत्रालयात. मी इथेच वाढले, इथेच प्रिलिम देत राहिले. ज्या वर्षाची ही गोष्ट, तो माझा शेवटचा अटेम्प्ट होता. त्यानंतर वयात बसणार नव्हते. आणि नेमकी त्याच वर्षी माझी मावसबहीण स्नेहल यवतमाळकडून अभ्यासाला आमच्याकडे राहायला आली. तिचा पहिलाच अटेम्प्ट.

प्रिलिम म्हणजे चार पर्यायांचे प्रश्न, आणि चुकलं की मार्क कापतात. त्यामुळे कुठला प्रश्न सोडायचा हे कळणं हाच अर्धा अभ्यास. माझी पद्धत पक्की होती — तीन फेऱ्या. पहिल्या फेरीत फक्त खात्रीचे प्रश्न. दुसऱ्या फेरीत जिथे दोन पर्याय कापता येतात ते. ज्या विधानात ‘सर्वच’, ‘कधीही नाही’ असं ठासून म्हटलंय त्यावर आधी संशय घ्यायचा. तिसऱ्या फेरीत उरलेल्यांना हात जोडायचे आणि पुढे जायचं. हे सगळं मी स्नेहलला पहिल्याच आठवड्यात शिकवलं. मोठ्या मनाने, असं तेव्हा वाटलं होतं.

आणि पहिल्याच मॉक टेस्टमध्ये ती माझ्या पुढे गेली. पुढच्या टेस्टमध्ये आणखी पुढे. बरं, अभ्यास तरी माझ्याएवढा असावा! हल्ली तो एक भयंकर प्रकार असतो ना — ‘वरीलपैकी किती विधाने बरोबर आहेत? केवळ एक, केवळ दोन, तिन्ही, एकही नाही’ — जिथे पर्याय कापायची सोयच ठेवलेली नसते, तिथेही ही बाई धडाधड गोळे काळे करायची, आणि ते बरोबर निघायचे. बाबा तिचे मार्क ऑफिसात सांगू लागले. आई तिच्या वरणावर जास्तीचं तूप सोडायला लागली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

शेवटी एका दुपारी बाल्कनीत कपडे वाळत घालताना मी विचारलंच.

“स्नेहल, तू गेस करतेस कसा, यार?”

“हसशील नाही ना, ताई?”

“नाही हसणार. बोल.”

“मला ना, बरोबर ऑप्शनवर नजर गेली की भाकरीचा वास येते. आपल्या घरच्या. चुलीवरची, कडेला थोडी करपलेली.”

मी हसले. पण आतून पेटले होते. मला मूर्ख समजते का ही? मग मी एक पेपर तयार केला. अस्तित्वातच नसलेली राजघराणी, नसलेल्या नद्या, कधीच न झालेले करार. “नवीन मॉक आलाय,” म्हणून तिच्यापुढे ठेवला. तिने तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, आणि एकही गोळा काळा न करता परत दिला.

“ताई, या पेपरला कसलाच वास नाही. कुठून आणला?”

त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली. पण भीतीपेक्षा मत्सर जास्त होता, खोटं कशाला बोलू! एवढी वर्षं मी घासली, आणि वास हिला का यावा?

परीक्षेच्या दिवशी तिचं सेंटर गुरुग्रामला, माझं दिल्लीतल्याच द्वारकेच्या एका शाळेत. रणरणता उन्हाळा, वर्गात पंखे नावापुरते. पेपर उघडला. पहिला प्रश्न मला येत होता. उत्तर होतं सी. नजर सीवर गेली, आणि... भाकरीचा वास आला.

मी मान वर करून पाहिलं. सगळे खाली माना घालून बसलेले. खिडकीबाहेर रिकामं मैदान. आमच्या घरी वर्षानुवर्षं भाकरी झालेली नाही, बाबांना पचत नाही. पण तो वास मी ओळखला, मावशीच्या चुलीचाच होता. पुढचा प्रश्न — बरोबर पर्यायावर पुन्हा तोच. ज्यांची उत्तरं मला ठाऊक होती, तिथे तिथे येत होता. म्हणजे खरं होतं!

मग दुसरी फेरी. अडलेले प्रश्न. वास डीवर, माझं लॉजिक म्हणतंय बी. माझा शेवटचा अटेम्प्ट होता हो... कुणीही डोळे मिटून डी केला असता. पण माझ्या मनात एकच वाक्य होतं — तिच्या उष्ट्यावर मी पास होणार नाही. मी बी काळा केला. वासाच्या पर्यायापुढे प्रश्नपुस्तिकेत रागाने बारीक फुली मारली. असं शेवटपर्यंत केलं.

संध्याकाळी स्नेहल रडून सुजलेल्या डोळ्यांनी आली.

“ताई, आज वासच नाही आला गं. एकाही प्रश्नाला नाही. मग तुझ्या तीन फेऱ्या केल्या. कापत गेली, सोडत गेली.”

मी खोलीत जाऊन दार लावलं. क्लासवाल्यांच्या उत्तरांशी पुस्तिका ताडून पाहिली. माझी प्रत्येक फुली बरोबर होती. एकूण एक.

स्नेहल पास झाली, माझ्या पद्धतीने. मी थोडक्यात राहिले. आज ती अधिकारी आहे आणि मी एका क्लासमध्ये तीन फेऱ्या शिकवते.

मागच्या महिन्यात ती ट्रेनिंगहून येताना आमच्याकडे उतरली. आईने मुद्दाम तिच्यासाठी भाकऱ्या टाकल्या. “वा, काय वास सुटलाय!” बाबा हॉलमधून ओरडले. मी तव्याशेजारीच उभी होते. मला कसलाच वास आला नाही. तव्यावर वाकले, भाकरी नाकाशी धरली, तरी नाही. चहाचा येतो, उदबत्तीचा येतो, शेजारच्यांच्या राजम्याचासुद्धा येतो. डॉक्टर म्हणाले, नाक उत्तम आहे.

ह्याचा अर्थ मला लागलेला नाही. तुमच्यापैकी कुणाला लागला तर जरूर कळवा, मी ह्या वेळी हसणार नाही. स्नेहलला मी यातलं काही सांगितलेलं नाही. त्या दिवशी ती ताटावर डोळे मिटून, छाती भरून वास घेत होती, आणि मी समोर बसून बघत होते. तिला वास येतो म्हणून मी तेव्हा जळायची. आजही तेवढ्यासाठीच जळते.