चावीची वीट

पोलादाच्या भट्टीला आतून विटांचं अस्तर असतं. ते झिजलं की भट्टी थंड करायची, जुनं फोडायचं, नवं लावायचं. थंड म्हणजे आपलं म्हणायला थंड. आत उतरलं की बुटातून तळपाय भाजतात. मिस्त्रीचं उभं आयुष्य त्या पोटात गेलं.

विटांचा एकेक फेर लावत वर यायचं. फेरातली शेवटची वीट म्हणजे चावी. उरलेल्या फटीच्या मापाने ती घासायची आणि ठोकून अशी बसवायची की सुरीचं पातं शिरता कामा नये. सैल राहिली तर पोलाद तिथूनच बाहेर येतं. मिस्त्रीची चावी कधी सुटली नाही, आणि ती बसवताना त्याने कुणाला पाहू दिलं नाही. वेळ आली की सगळ्यांना शिडीवरून वर पिटाळायचा. मेहुणा हाताखाली होता, पण त्यालाही सोडलं नाही. "शिकवलं की आपल्याला कोण विचारतो?" असं बायकोला ऐटीत सांगायचा.

आता गुडघे गेले, श्वास पुरेना. डॉक्टर म्हणाले, भट्टी बंद करा. मिस्त्रीने साहेबांकडे गेटवरची जागा मागितली. साहेब भला माणूस. "उद्या देतो," म्हणाले, "चावी बसवणारा तेवढा तयार करा."

मिस्त्रीने हाताखालच्या एकेकाला विचारलं. ज्याला त्याला काही ना काही अडचण. कुणाची पाठ दुखत होती, कुणाला नजरेचा भरवसा नव्हता. शेवटी मानपान बाजूला ठेवून तो मेहुण्याच्या दारात गेला.

"उद्यापासून खाली थांब. सगळं दाखवतो."

मेहुण्याने पाणी पुढे केलं. "भाऊजी, मी गोदामात चाललोय. बदली झाली."

"इतक्या सहज?"

"पहिल्याच अर्जाला. मला चावी येत नाही ना, मग अडवणार कशाला?" तो जरा घुटमळला. "वाईट वाटून घेऊ नका. तेव्हा शिकवलं नाहीत म्हणून मी फार चिडलो होतो. आता मुलांची आई म्हणते, भाऊजींनी वाचवलं आपल्याला."

मिस्त्रीला सणकून राग आला. पण काढणार कुणावर? तो पाणी न पिताच उठला.

घरी बायको दारातच उभी होती. "झाला ना तयार माझा भाऊ? कधीपासून गेटवर?"

"जेवायला वाढ," मिस्त्री म्हणाला. "उद्या सकाळची पाळी आहे."