फुगडी सुटल्यावर

पुतणीच्या मंगळागौरीला सुमा, माझी धाकटी बहीण, हौसेने माझ्याशी फुगडी घालायला उठली. दोन गिरक्यांतच तिचे हात सुटले. भिंतीला टेकून बसत ती म्हणाली, "काही नाही गं ताई, जरा दम लागला." धाप मात्र थांबेना.

लहानपणापासून तिला जाडी म्हणणाऱ्या प्रत्येकाचं तोंड मीच बंद केलं. आहेस तशीच छान आहेस, असं तिला सांगत आले, आणि ते खरंच आहे. आता डॉक्टरकडे चल म्हणायचंय. पण मी म्हटलं, तर तिला माझ्या आवाजात तेच सगळे ऐकू येतील.

मी पाणी दिलं. गाणी पुन्हा सुरू झाली. बसल्या बसल्या ती टाळ्या वाजवत होती. प्रत्येक टाळी जराशी मागे पडत होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी हसले.