झाकून ठेवलेलं ताट

जाड माणसाला सल्ला द्यायला लायसन लागत नाही. तुळिंजला आमच्या बिल्डिंगमध्ये लिफ्ट नव्हती. भाजीची पिशवी घेऊन मी दुसऱ्या मजल्यावर दम खायला थांबले, की कुणाचं ना कुणाचं दार उघडायचंच. गरम पाण्यात मध घ्या, भात सोडा, मेथीचे दाणे भिजत घाला. शेअर रिक्षावाला मला बघून दोन सीटचे पैसे मागायचा. मी काही ऐकून घेणाऱ्यातली नव्हते. "देते की," म्हणायचे, "पण मग ऐसपैस बसणार, माझ्या बाजूला कुणाला कोंबायचं नाही." घरी येऊन मात्र मी रडायचे, आणि रडून झालं की खायचे.

माझ्या जाडीचं कौतुक असलेलं जगात एकच माणूस होतं, माझी आई. ती जवळच्या निर्मळ गावात वाडीत राहायची, भाऊ आणि वहिनींबरोबर. केळी, थोडी भाजी, मोगऱ्याची फुलं, असं सगळं होतं. माझ्या आधी तिला एक मुलगी झाली होती. ती आजारी पडली, वाळत वाळत गेली आणि आईच्या मांडीवरच संपली. आई त्याबद्दल फार बोलायची नाही. पण मी माहेरी गेले की चपला काढायच्या आत ती माझा दंड धरायची. तिची बोटं दंडाभोवती पुरली नाहीत की तिचा जीव भांड्यात पडायचा. "हां, बरी हायेस," म्हणायची आणि आत जाऊन ताट वाढायला घ्यायची.

मला यायला उशीर झाला तर माझं ताट वाढून त्यावर दुसरं ताट झाकून ठेवायची. पाहुणे आले, कालवण कमी पडलं, तरी त्या ताटाला हात लावायची कुणाची टाप नव्हती. मी जेवल्याशिवाय स्वतः घास घ्यायची नाही. वहिनी चिडवायच्या, "आई, सासरी काय उपाशी ठेवतात होय तुमच्या लेकीला?" आई म्हणायची, "ठेवत असतील, कुनाला म्हायती?" मी हसत हसत दोन भाकऱ्या, डोंगराएवढा भात आणि वर चार सुकेळी खायचे. सुकेळी म्हणजे राजेळी केळी सोलून उन्हात वाळवलेली. आमच्याकडची मिठाईच ती. आई माझ्यासाठी डबा भरून वेगळी ठेवायची.

चाळिशी उलटली तेव्हा शुगर गोळ्यांना जुमानेना, गुडघे वाजायला लागले. मी शाळेच्या ऑफिसात काम करायचे. तिथल्या खुर्चीचा हात एकदा मोडला आणि सगळे माझ्याकडे न बघायचा प्रयत्न करत राहिले. ते मला फार लागलं. मुंबईच्या डॉक्टरांनी पोट लहान करायचं ऑपरेशन सांगितलं. म्हणाले, "असंच चालू ठेवलंत तर मुलाचं लग्न बघायला तुम्ही असाल याची खात्री देत नाही." आमचे हे पहिल्यांदा घाबरले, मग म्हणाले, "करून टाक." आईला मी नुसतं पोटाचं ऑपरेशन एवढंच सांगितलं. ती म्हणाली, "पोटाला काय झालंय तुझ्या? चांगली तर जेवतेस."

त्या काळात आमच्या ओळखीत असलं ऑपरेशन कुणी केलेलं नव्हतं. पेपरात बारीक झालेल्या बायकांचे फोटो यायचे. पुढे ताटावर काय होतं, ते कुणी छापत नव्हतं. आधी नुसतं पाणी, तेही घोट घोट. मग डाळीचं वरचं पाणी, मग पेज, मग मुलाच्या उष्टावणाची चांदीची वाटी काढली आणि तेवढ्याशा वाटीत कुस्करलेलं अंडं. त्यात निम्मं उरायचं. डाएटवाल्या बाई सांगायच्या, आधी अंडं, मासे, पनीर, डाळ. पोळी-भात उरल्या जागेत. जेवताना पाणी प्यायचं नाही. घास तोंडातच पीठ होईपर्यंत चावायचा. ज्या बाईने आयुष्यभर वरणभाताचे गोळे गिळले तिला हे सांगायचं! भात तर वैरीच झाला. एक घास घाईने गेला की छातीत दगड बसल्यासारखं व्हायचं, तोंडाला पाणी सुटायचं आणि मोरीकडे धावायचं. ताजे बोंबील तेवढे बिनबोभाट उतरायचे. अर्नाळ्याच्या कोळणीला मी सांगून ठेवलं होतं, मला दोनच दे. ती डोळे मोठे करून म्हणायची, "दोन? तू?"

भूक गेली याचं मला दुःख नव्हतं. जेवण गेलं याचं होतं. लग्नात पंगतीला बसले की सगळे आग्रह करायचे, आणि मी जिलबीच्या तुकड्याकडे बघत बसायचे. बिल्डिंगमधल्या ज्या बायका मेथीचे दाणे सांगायच्या त्याच आता जिन्यात थांबवून म्हणायच्या, "अय्या, किती सुंदर दिसता! केस का हो गेले पण?" जीव नकोसा व्हायचा. पण शुगर उतरली, जिना एका दमात चढायला लागले, आणि खुर्चीत बसताना आधी खुर्चीकडे बघायचं सुटलं. हे खोटं कशाला सांगू?

ऑपरेशननंतर निर्मळला गेले तेव्हा आईने दंड धरला. तिची बोटं एकमेकांना टेकली. ती हात तसाच धरून उभी राहिली. मग ताट वाढलं, नेहमीएवढंच. मी अर्धा बोंबील खाल्ला आणि तिचं मन राखायला एक सुकेळं तोंडात टाकलं. नवीन पोटाला गोड चालत नाही, ते झरझर खाली उतरतं आणि अंग बंड करून उठतं. मला दरदरून घाम फुटला, छाती धडधडायला लागली, मी अंगणातल्या ओट्यावर आडवी झाले. आई वारा घालत होती आणि रडत होती. "माझ्या हातचं बाधलं तुला? माझ्या हातचं?" तिला कितीदा समजावलं. शेवटी मीच चिडून ओरडले, "अगं, पोटच नाही राहिलं मला!" त्यावर ती सुकेळ्यांचा डबा उचलून आत घेऊन गेली.

पुढे दोनेक वर्षांत आई विसरायला लागली. आधी मीठ दोनदा पडायचं, मग गॅस चालू राहायचा, मग भावाला ती आपल्या दिराच्या नावाने हाक मारायला लागली. डॉक्टर म्हणाले, वय आहे, मेंदू थकतोय, आता यात सुधारणा नाही. मी एका रविवारी गेले तर ती ओट्यावर वाल सोलत बसली होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "कोन पाहिजे?"

मला वाटलं, चेष्टा करतेय. "तूच पाहिजेस," म्हणत मी बाजूला बसले. ती सरकली. आत बघून हाक मारली, "सूनबाई, कोनी बाई आलीय बघ." वहिनी धावत आल्या, म्हणाल्या, "आई, अहो, ताई आहेत. तुमची लेक." आईने माझा दंड धरला. बोटं पुरली, पुरून उरली. तिने हात सोडून दिला.

"ही नाय. माझी लेक भरलेली हाय."

तेव्हापासून तिला भाऊ कधी ओळखू यायचा, कधी नाही. वहिनी बहुतेक वेळा ओळखू यायच्या. मी कधीच नाही. तिच्या डोक्यात लेक होती ती जाडीच होती, आणि ती यायची राहिली होती. आई रोज दुपारी तिचं ताट वाढून झाकून ठेवायची. आणि लेक जेवल्याशिवाय स्वतः जेवायचं नाही, ही सवय तेवढी डोक्यातून पुसली गेली नव्हती. बाकी सगळं पुसलं गेलं, हे राहिलं. काय म्हणावं?

काही दिवस वहिनींनी समजूत घालून भरवलं, मग एक दिवस त्यांचा फोन आला. "ताई, कालपासून पोटात काही नाही त्यांच्या. 'ती येऊन गेली, जेवून गेली' म्हणून सांगितलं, तर म्हणतात, माझ्याशी न बोलता जाईल होय? घास तोंडाशी नेला तर दात आवळून बसतात." भावाने डॉक्टर आणून सलाईन लावलं, ते तिने उपटून टाकलं. डॉक्टर स्पष्टच म्हणाले, पोटात अन्न गेलं नाही तर फार दिवस काढणार नाही.

मी शाळेत रजा टाकून गेले. जाताना कपाटाच्या तळातला माझा जुना ड्रेस घेतला. माहेरच्या मोरीत उभं राहून तो घातला, आत शाल गुंडाळली, पोटावर उशी बांधली. आरशात बघून मला हसू आलं आणि लगेच स्वतःची शिसारी आली. आईने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तिचे कपडे का घातलेस?" म्हणाली. "चोरलेस?"

मग मी ठरवलं, जेवायचं. तिच्यासमोर, पहिल्यासारखं. उशी काढून फेकली, मांडी घालून बसले आणि झाकलेलं ताट उघडलं. तांदळाची भाकरी, बोंबलाचं कालवण, भात, आळूवडी. आई ओरडली, "ते तिचं हाय!" वहिनींनी तिला धरलं. मी भातात कालवण ओतलं, पाची बोटांनी कालवलं आणि मोठा घास घेतला. बोटं चाटली. दुसरा घेतला. भाकरी मोडली. काय सांगू, किती वर्षांनी तसा घास तोंडात भरला होता! चव लागली तशी डोळ्यांतून पाणीच आलं.

आईचं ओरडणं थांबलं. ती माझ्या हाताकडे बघत होती. तोंडाकडे नाही, हाताकडे. हळूच पुढे सरकली, कालवणाची वाटी माझ्याकडे ढकलली आणि अगदी तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "सावकाश. काटा बघ गं."

मी आणखी एक घास घेतला. घ्यायलाच हवा होता. आई म्हणाली, "अजून घे." घेतला. आणि मग छातीत दगड बसला. मी गिळायचा प्रयत्न केला, श्वास धरला, तिच्या डोळ्यांत बघत राहिले, जेवढं थांबता येईल तेवढं थांबले. शेवटी तोंड दाबून मागच्या दाराने पळाले आणि केळीच्या बुंध्याशी सगळं बाहेर पडलं. वहिनी पाठीवरून हात फिरवत होत्या. "ताई, बस झालं हो," म्हणत होत्या, आणि त्याही रडत होत्या.

आत आले तर आई उष्टं ताट मांडीवर घेऊन बसली होती. "माझ्या लेकीचं जेवन खाल्लं," ती भिंतीला सांगत होती, "आनि ओकून टाकलं. आता ती आल्यावर मी काय वाढू?"

शेवटी वहिनींनीच मार्ग काढला. त्यांच्या मुलीच्या बारशातला एक फोटो त्यांनी शोधून काढला. त्यात मी पंगतीत बसलेय, गाल वर आलेले, तोंडात घास, हसतेय. तो फोटो त्यांनी आईच्या समोर पाटावर भिंतीला टेकवून ठेवला आणि पुढे झाकण काढून ताट मांडलं. म्हणाल्या, "आई, ताई आल्या बघा. जेवायलाच बसल्यात. आता तुम्हीपण बसा." आई फोटोकडे बघत राहिली. मग तिने तोंड उघडलं.

त्यानंतर ती जेवायला लागली, थोडं थोडं, पेज आणि डाळीचं पाणी. ऑपरेशननंतर मी खायचे तसंच सगळं, तेवढंच. दर रविवारी मी जाऊन भरवायचे. ती फोटोशी बोलायची, "कालवण आंबट झालं का गं?" विचारायची आणि मी दिलेला चमचा न बघता तोंडात घ्यायची. माझी तिला सवय झाली होती. ती मला नुसतं बाई म्हणायची. मला फार राग यायचा. त्या फोटोतल्या बाईचा यायचा. मी जिवंत राहावं म्हणून डॉक्टरांनी तिला घालवली होती, आणि माझ्या आईजवळ तीच बसली होती.

तिच्या शेवटच्या दिवसांत एकदा भरवताना आईची नजर फोटोवरून माझ्यावर आली. तिने चमचा धरलेला माझा हात धरला, वर दंडापर्यंत चाचपला. तिची बोटं एकमेकांवर चढली.

"किती वाळलीस गं बाई," ती म्हणाली. "तुला आई नाय का?"

"आहे," मी म्हटलं.

"मग घालत नाय का ती जेवायला?"

"घालते. मलाच जात नाही."

आई माझा हात थोपटून म्हणाली, "तिच्यासमोर तरी खात जा. तिच्या जिवाला लागत आसंल."

मी हो म्हटलं आणि पुढचा चमचा तिच्या तोंडाशी नेला. तोवर ती पुन्हा फोटोकडे बघायला लागली होती.