दांड्यावरचं कापड

किनारी कोंबडी अंड्यांवरून उठली तेव्हा कांताबाई अंगणात तुरीची डाळ पाखडत बसली होती. आधी तिनं लक्ष दिलं नाही. अंड्यांवर बसलेली कोंबडी दिवसातून एकदा उठतेच. घाण टाकते, दोन दाणे टिपते, पाणी पिते आणि आतून कोणी हाक मारल्यासारखी परत जाते. पण सकाळपासूनची ही चौथी खेप होती, आणि किनारी दाणे टिपतच नव्हती. मान मागे वळवून शेपटीखाली चोच घालायची, खसाखसा खाजवायची, दोन पावलं चालून पुन्हा तेच.

"काय झालं वं माय तुले?" कांताबाईनं सूप ठेवलं आणि तिला उचललं. शेपटीखालची पिसं फुंकर घालून बाजूला केली. कातडीवर भुऱ्या उवा पळत होत्या. पिसांच्या बुडाशी साखर चिकटावी तसे लिखांचे पांढरे गोळे. तुरा तर धुवून धुवून रंग गेलेल्या लुगड्यासारखा झालेला.

"अजी, आयकता का?" तिनं आत पाहून हाक दिली. "किनारीच्या अंगात उवा झाल्या."

लहानू चष्मा पुसत बाहेर आला. त्यानं आधी कोंबडीकडे नाही, खुराड्यात पाहिलं. टोपल्यात नऊ अंडी उघडी पडली होती. त्यानं वाकून एका अंड्याला हाताची पाठ लावली, लेकराचा ताप पाहावा तशी.

"गरम आहे अजून. बसव तिले लवकर."

ती अंडी काही साधी नव्हती. दोन आठवड्यांपूर्वी लेआउटच्या नव्या वस्तीतल्या मोकाट कुत्र्यानं त्यांचा कोंबडा नेला. मानेवर सोनेरी झालर असलेला, पहाटे साऱ्या हुडकेश्वरला उठवणारा. तो कोंबडा लहानूनं हाताच्या ओंजळीत असल्यापासून वाढवला होता. कोंबडा गेला, त्याच आठवड्यात किनारी खुडूक झाली आणि त्याची शेवटची अंडी तिच्याखाली ठेवली गेली. आज अकरावा दिवस. अजून दहा दिवस ती बसली तर अंगणात त्याचं काही उरणार होतं. नाही बसली, तर नाही.

लहानूनं पस्तीस वर्षं माग चालवला होता. त्याच्या हातची सुती लुगडी गांधीबागेच्या कापडबाजारात जायची, आणि तिथला व्यापारी गठ्ठ्यातून त्याचं लुगडं न बघता, बोटानं ओळखायचा. मग सूत महागलं, लुगडं नेसणाऱ्या बाया म्हाताऱ्या झाल्या, डोळ्यांत मोतीबिंदू आले. मुलगा अंकुशनं हुडकेश्वरला प्लॉट घेऊन दोन खोल्या बांधल्या, म्हातारा-म्हातारीला इकडे आणलं आणि स्वतः नोकरीपायी पुण्याला गेला. जुन्या घरातून निघताना माग कोणी फुकट नेईना. लहानूनं तो खोलून आणला, आणि पहिले सहा महिने हे लाकूड भिंतीला टेकून होतं आणि लहानू लाकडासमोर बसून होता. जेवण्यापुरता बोलायचा.

शेवटी कांताबाईनंच बाजारातून पाच पिल्लं आणली. "याइले घर बनवून द्या," एवढंच म्हणाली. त्यानं त्या लाकडाचं खुराडं बनवलं. खिळा कमी, खाचा जास्त. कोंबड्यांना रात्री बसायला आडवा दांडा लावला तो मागाचाच, ज्याच्यावर विणलेलं कापड गुंडाळलं जायचं. आणि हिवाळा आला तसं त्या दांड्याला त्यानं कापडही गुंडाळलं.

"आपून निजतो तं अंगाखाली काही टाकतो ना?" तो म्हणायचा. "मंग त्याइले काहून उघड्या लाकडावर बसवाचं?"

दर डिसेंबरात जुन्या कापडावर नवा थर. वरून सुतळी, आणि सुतळीला विणकराची गाठ, जी धागा तुटला तरी सुटत नाही. सहा हिवाळ्यांत दांडा मनगटाएवढ्याचा दंडाएवढा झाला होता. शेजारची शामला हसायची, "काकाजी, कोंबड्याइले गादी दिली, आता उशी कधी देता?" लहानू हसून कोंबड्यांची नावं सांगायचा. पांढऱ्या पिसांना काळा काठ ती किनारी, ठिपक्याठिपक्यांची ती चौकटी. सारी लुगड्यावरून ठेवलेली.

तर उवांवर त्या दुपारी घरचा इलाज झाला. कांताबाईनं चुलीची राख चाळली, आणि सीताफळाच्या वाळवलेल्या बिया कुटून त्यात मिसळल्या.

"डोयात जाऊ देऊ नोका," ती म्हणाली. "आंधळी होईन."

"मी काय हे आज पयल्यांदा करून राहिलो का वं?"

लहानूनं एकेक कोंबडी मांडीवर उलटी धरली, डोक्यावर रुमाल टाकला आणि पंखाखाली, शेपटीखाली राख चोळली. त्याची बोटं पिसांतून अशी फिरत होती की चौकटीनं डोळेच मिटून घेतले. बाकीच्यांसाठी कोपऱ्यात राखेचा खड्डा केला. कोंबड्या त्यात लोळल्या, आणि तीन दिवसांत उवा खरंच कमी झाल्या.

पण किनारीचा तुरा अजून पांढरा पडत गेला. वरून नवीनच तऱ्हा. संध्याकाळ झाली की बाकीच्या कोंबड्या खुराड्यात शिरेनात. दाराशी येऊन माना लांब करायच्या, आत पाहायच्या आणि उडून कंपाउंडच्या भिंतीवर जाऊन बसायच्या.

"काय वं मावशी," शामलानं भिंतीपलीकडून विचारलं, "गादी टोचून राहिली का त्याइले?"

कांताबाईला हसू आलं नाही. किनारीला अंड्यांवरून उठवायचं नव्हतं, म्हणून दुसऱ्या दिवशी तिनं चौकटीला पिशवीत घातलं, तोंड तेवढं बाहेर ठेवलं आणि जनावरांच्या दवाखान्यात गेली. तिथली मेघा नावाची डॉक्टर तिच्या नातीच्या वयाची. तिनं चौकटीचा तुरा पाहिला, पापणी उलटवून पाहिली.

"आजी, उवांनी एवढं रक्त कमी होत नाही. उवा अंगावरच राहतात, त्या तुम्ही घालवल्यात. हे दुसरेच किडे आहेत, लाल. दिवसा अंगावर एक सापडायचा नाही. लाकडाच्या फटीत लपतात, रात्री निघून रक्त पितात आणि उजाडायच्या आत परत."

"ढेकणावानी?"

"ढेकणासारखेच समजा, पण मोहरीपेक्षा बारीक. उद्या पहाटे पांढरं फडकं घ्या आणि कोंबड्या जिथं बसतात तिथं खालून फिरवा. लाल डाग पडले, की तिथंच त्यांचं घर." तिनं एका पुडीत भुकटी दिली. "ही कोंबड्यांच्या अंगाला. पण घर नाही मोडलं तर औषधाचा उपयोग नाही."

पहाटे लहानू उठायच्या आधी कांताबाई खुराड्यात वाकली. तिनं आधी फळ्यांच्या खाचांवरून फडकं फिरवलं. दोन-चार ठिपके. टोपल्याच्या काठावर थोडे जास्त. मग दांड्याच्या खालून, कापडावरून हात नेला आणि फडकं उजेडात धरलं.

कुंकवाची बोटं पुसावी तसं लाल झालं होतं.

तिनं कापडाची एक घडी नखानं उचलली. आत राखाडी पुटासारखं काहीतरी होतं, आणि ते पूट हललं. घडीच्या खाली घडी, थराच्या खाली थर. सहा हिवाळे ऊब मिळालेले. तिनं घडी हळूच मिटली. पाया पडल्यासारखी थोडा वेळ तशीच वाकून राहिली.

"सापडलं का काही?" मागून लहानू विचारत होता.

कांताबाईनं फडक्याची लाल बाजू मुठीत घेतली. "खालच्या भुशात आहेत," ती म्हणाली. "भुसा बदलला की होईन ठीक."

बेचाळीस वर्षांच्या संसारात ती त्याच्याशी खोटं बोललीच नव्हती असं नाही, पण ते भाजीच्या भावापुरतं. लहानूनं दुपारपर्यंत सारा भुसा काढला, अंगणात जाळला, नवा टाकला. घाम पुसत म्हणाला, "आता निजतीन सुखानं." आणि दांड्यावरून सहज हात फिरवला, ढिली पडलेली सुतळी ताणून घट्ट केली. कांताबाई आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी किनारी उठली ती परत जाईना. पेरूच्या झाडाखाली पंख पाडून उभी. लहानूनं उचलून अंड्यांवर ठेवली, उतरली. पुन्हा ठेवली, पुन्हा उतरली. त्यानं आपला मफलर काढून अंड्यांवर घातला आणि खुराड्याच्या दाराशी बसला.

"काय कमी पडलं वं?" तो म्हणाला. कोंबडीला की कांताबाईला, ते कळलं नाही. "भुसा बदलला. राख लावली. माहं काय चुकलं?"

कांताबाई त्याच्याजवळ खालीच बसली. कमरेला खोचलेलं कालचं फडकं तिनं काढलं आणि त्याच्या मांडीवर पसरलं.

"हे भुशातलं नाही जी. दांड्यावरचं आहे. म्या काल खोटं सांगतलं तुमाले."

लहानूनं फडकं डोळ्यांजवळ नेलं. मग दांड्याकडे पाहिलं. शामलाच्या घरी कुकरची एक शिटी झाली, दुसरी झाली.

"कापडात?" त्यानं विचारलं.

"हाव."

"म्हंजे मीच पोसले."

"तुमी ऊब दिली. तिथं कोणी बी येऊन बसन, त्याले तुमी काय करान?"

"कालच काहून नाही सांगतलं? एक दिवस गेला तिचा."

कांताबाई उठली. ती म्हणाली, "कात्री आणते."

"गाठ कापाची नसते," लहानू म्हणाला. "सर तिकडे."

त्यानं दांडा खाचेतून काढला, अंगणात आणला आणि सुतळीच्या गाठी सोडायला बसला. डोळ्यांना दिसत नव्हत्या, तरी बोटांना दिसत होत्या. किडे त्याच्या मनगटावर चढत होते, तो फुंकर मारून उडवत होता. पहिला थर अंकुशच्या जुन्या शर्टाचा. दुसरा चादरीचा. मग गांधीबागेतल्या चिंध्या. सगळ्यात आतला थर आला तेव्हा त्याचा हात थांबला. कांताबाईनंही ओळखलं. मागावरून उतरलेलं शेवटचं कापड, अर्ध्यावर सोडलेलं, हिरव्या अंगाचं आणि लाल काठाचं. ते कोणाला विकलं हे तिनं कधी विचारलं नव्हतं, त्यानं कधी सांगितलं नव्हतं. काठ कुठला आणि किडे कुठले, ते आता वेगळं दिसत नव्हतं.

"उकळत्या पाण्यात टाकू का?" तिनं विचारलं. "धुवून निघन."

लहानूनं कापड एकदा हातावर तोललं, जसं वजन पाहायचा. मग चुलीत टाकलं. "कापड होतं वं," तो म्हणाला. "लुगडं झालं असतं तं आतापर्यंत फाटून गेलं असतं."

मग दोघंही वेड लागल्यासारखे कामाला लागले. चार हंडे पाणी उकळलं, खुराड्याच्या प्रत्येक खाचेत ओतलं. दांडा सोड्याच्या पाण्यानं घासला. वाळल्यावर लहानूनं त्याला जवसाचं तेल पाजलं, बोटानं दाबून, एक फट सोडली नाही. माग चालू होता तेव्हाही तो दर दिवाळीला असंच तेल द्यायचा. सहा वर्षांनी दांड्याचं अंग उघडं दिसलं, पस्तीस वर्षं कापड घासून गुळगुळीत झालेलं.

डॉक्टरची भुकटी किनारीला चोळली, पिसं झटकली. न्हाणीच्या आडोशाला नव्या टोपल्यात गवत घालून अंडी मांडली. अंडी मफलरातून काढताना लहानूनं एकेक गालाला लावून पाहिलं. चार कोमट होती. बाकीची त्यानं तशीच गवतात ठेवली.

दिवस मावळताना कांताबाईनं किनारीला टोपल्याशी सोडलं. ती काठावर उभी राहिली. एक पाय आत, एक बाहेर. लहानू बाजूला बाजेवर बसला होता, तिच्यावर डोळे लावून.

"तुमी तिकडे पाहा ना जी," कांताबाई पुटपुटली. "नव्या जागी लाजते थे."

लहानूनं आज्ञाधारकपणे भिंतीकडे तोंड केलं. मागे गवत खसखसलं. अंड्यावर अंडं घासल्याचा आवाज आला, मग पिसं फुगवल्याचा. मग काहीच नाही.

"बसली?" त्यानं भिंतीला विचारलं.

"बसली."

एकविसाव्या दिवशी काहीच झालं नाही. बाविसाव्या दिवशी सकाळी लहानूनं दात घासता घासता टोपल्यातून चिवचिव ऐकली आणि तोंड न धुता तसाच धावला. संध्याकाळपर्यंत तीन पिल्लं निघाली. सहा अंडी तशीच राहिली. ती त्यानं पेरूच्या बुडाशी पुरली. पण तिसऱ्या पिल्लाच्या मानेवर एक पिवळा पट्टा होता, आणि तो कोंबड्याचाच आहे हे त्यानं शामलाला भिंतीवरून दोनदा सांगितलं.

"इतक्याशा पोराचं तुमाले दिसलं बरं काकाजी," शामला म्हणाली. "मी नळावर रोज समोरून जाते तं मले ओळखत नाही."

आता दर रविवारी पहाटे, बुद्धविहारात जायच्या आधी, लहानू स्वतः पांढरं फडकं दांड्याखालून फिरवतो आणि कांताबाईच्या हातात देतो. आपल्या डोळ्यांवर त्याचा भरवसा नाही. ती ते उजेडात धरते, दोन्ही बाजू पाहते.

परवा थंडी पडली. कांताबाई दारात जुन्या लुगड्यांची वाकळ शिवत बसली होती. लहानू खुराड्याशी उभा होता, उघड्या दांड्यावर हात ठेवून.

"गार लागते वं हे," तो म्हणाला.

"त्याइले पिसं आहेत," कांताबाई सुई ओवत म्हणाली. "हे तुमच्यासाठी शिवून राहिली. या, जरा टोक धरा."

तो आला, समोर बसला आणि टोक ताणून धरलं. थोड्या वेळानं म्हणाला, "टाका लंबा पडून राहिला," आणि सुई तिच्या हातातून काढून घेतली.