कुणाच्या गुडघ्यापर्यंत?

आमच्या इमारतीतले विजेचे आठ मीटर मी बुडवले. पावसानं बुडवले असं मी बरीच वर्षं सांगत होते, पण पाऊस काही सोसायटीचा चिटणीस नव्हता. चिटणीस मी होते.

तेव्हा मी चाळिशीत होते आणि स्वतःला फार आधुनिक समजत होते. देशात सगळं मोकळं होत होतं, घरोघर केबल आली होती, कोपऱ्यावर कॉम्प्युटर क्लासची पाटी लागली होती. आमचे मीटर मात्र अर्ध्या जिन्यावर, तेही पार छताला चिकटलेले. रीडिंगला माणूस आला की त्याला आमच्या घरातलं स्टूल द्यायचं आणि तो उतरेपर्यंत धरून उभं राहायचं. माझी उंची चार फूट दहा इंच. त्या मीटरांकडे मान वर करून बघताना मला अपमान वाटायचा. म्हणून मी ठराव मांडला की मीटर खाली, प्रवेशाच्या भिंतीवर, ‘सर्वांच्या सोयीच्या उंचीवर’ आणावेत. सर्वांच्या म्हणजे माझ्या.

आमची सोसायटी पूरग्रस्तांची. पानशेत फुटलं तेव्हा ज्यांची नदीकाठची घरं गेली, त्यांनी इकडे ओढ्याजवळ नव्यानं संसार मांडले. आम्ही त्यांच्यातल्या एकाचा फ्लॅट घेऊन मागाहून आलेलो, म्हणजे कोरडे. तळमजल्यावर एक निवृत्त मास्तर राहत. त्यांनी तो पूर अंगावर घेतलेला. सभेत त्यांनी एकच प्रश्न विचारला, “पाण्याला विचारलंत का?”

मी हसले. इतिवृत्तात वळणदार अक्षरात लिहिलं, ‘एका सभासदांनी विषयाबाहेरील प्रश्न उपस्थित केला.’

ठराव मंजूर झाला, मीटर खाली आले. त्यानंतरच्या तिसऱ्या पावसाळ्यात एका दुपारी ओढा गल्लीत आला. मी जिन्यात उभी राहून बघत होते. मीटरांची खालची रांग गेली, मग वरची. पुढे नऊ दिवस इमारतीत वीज नव्हती. आमच्याकडे भांडत नाहीत, चौकशी करतात. “मॅडम, दुधाचं पातेलं कोणत्या उंचीवर ठेवू? तुमच्या सोयीनं सांगा.”

दहाव्या दिवशी मी राजीनामा लिहून मास्तरांकडे नेला. त्यांनी तो वाचला, त्यातली एक वेलांटी सुधारली आणि परत दिला. “राजीनाम्यानं पाणी ओसरत नाही. ते येतं कुठपर्यंत, ते तरी आधी माहीत करून घ्या.”

मग दर रविवारी शिवणाची टेप आणि एक दोनशे पानी वही घेऊन मी गल्लीत दारोदार फिरू लागले. पूर्वी पाणी किती चढलं होतं, असं विचारलं की उत्तर यायचं, “गुडघ्यापर्यंत.” कुणी म्हणे मांडीला लागलं, कुणी म्हणे कमरेला. पण कुणाच्या? गल्लीत सहा फुटी पैलवान होता आणि मीही होते. तेव्हा मी ज्याचा त्याचा गुडघा मोजायला लागले. जमिनीपासून वाटीपर्यंत, इंचात.

कोपऱ्यावरच्या काकूंनी पदर खोचून पाय पुढे केला. “मोज बाई. पण त्या वर्षी मी सडपातळ होते हो.”

“काकू, जाडी नकोय, उंची हवीय.”

“मग ठीक. पण ह्यांचं काही लिहून घेऊ नकोस.”

“ते तर म्हणतात मांडीपर्यंत आलं होतं.”

“त्यांचं सगळंच वाढवून असतं. त्या दिवशी ते माळ्यावर बसले होते!”

माणसं पाण्यापाशी थांबेनात. कोयनेच्या भूकंपात फडताळातली भांडी कशी वाजली, गारांनी कुणाचे पत्रे फुटले, वळवाच्या पावसात कोणता गुलमोहर कुणाच्या स्कूटरवर पडला, सगळं वहीत आलं. जिथे दोन आठवणी जुळत नव्हत्या, तिथे मी लोखंडी कपाटाला विचारलं. कपाटाच्या गंजाची रेघ कुणाची सून नसते, ती खरं सांगते. मास्तर प्रत्येक पान तपासून द्यायचे. शेवटी कळलं की जुने मीटर गल्लीतल्या सगळ्यात मोठ्या पाण्याच्याही दोन हात वर होते. ते कुणी उगीच टांगलेले नव्हते.

मीटर पुन्हा वर गेले. दर पावसाळ्यात मी वहीत भर घालत राहिले.

बऱ्याच वर्षांनी इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं. मास्तर तोवर गेले होते. अध्यक्षपदी तिसऱ्या मजल्यावरची सून होती, हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. नकाशात मीटर, पंपाचं पॅनेल, सगळं तळघरात होतं. मी वही पुढे सरकवली.

तिनं सभ्यपणे चार पानं चाळली. “आजी, मस्त आहे हे. पण या लोकांच्या आठवणी झाल्या. याला डेटा नाही म्हणता येत. आणि मीटर वर घेतले तर दोन पार्किंग जातात. त्यातलं एक माझं आहे, ते सोडा.”

सभा तिच्या बाजूनं होती. नव्या मंडळींना माझी ती जुनी करामत ठाऊकच नव्हती. त्यांच्या लेखी मी हुशार आजी होते. तशीच राहिले असते तर मीटर पुन्हा बुडाले असते. मी घरी जाऊन जुनं इतिवृत्त आणलं आणि उभं राहून वाचलं. माझा ठराव, मास्तरांचा प्रश्न, आणि त्यावरचा माझा शेरा. मग नऊ दिवसांचा अंधार सांगितला.

सभेत जे हसू फुटलं! अध्यक्षीणबाईंनी डोळे पुसत लॅपटॉप मिटला. “म्हणजे डेटा होता, आणि तो तुम्ही विषयाबाहेर ठेवलात?”

“वळणदार अक्षरात,” मी म्हटलं.

दोन पार्किंग गेली. मीटर वर गेले.

त्यानंतर काही वर्षांनी सप्टेंबरात एका संध्याकाळी ओढा पुन्हा आला. त्या पावसात ओढ्याकाठची माणसं गेली, त्याबद्दल मी थट्टा करणार नाही. आमच्या पार्किंगमध्ये पाणी माझ्या छातीपर्यंत होतं, म्हणजे तीन फूट सहा इंच. गाड्या गेल्या, भिंत खचली. पण मागून वीज सुरू झाली तेव्हा गल्लीत फक्त आमचा पंप चालला. सगळी गल्ली आमच्या नळावर हंडे आणि आमच्या जिन्यात मोबाईलचे चार्जर घेऊन आली. मी दारात उभी राहून प्रत्येकाला मीटर दाखवत होते. हो, मिरवत होते. या वयात दुसरं काय मिरवणार?

अध्यक्षीणबाई गुडघाभर चिखलात भिंतीवरची पाण्याची रेघ मोजत होत्या. मोजून झाल्यावर वर आल्या, माझ्या हातातली वही काढून घेतली आणि म्हणाल्या, “आजी, यापुढे ही मी लिहिणार. तुम्ही शेजारी बसून चुका काढा, नाहीतरी त्याशिवाय तुम्हाला करमत नाही.”